मोडीचा जीव छापखान्याने घेतला की आपण?

बोरूबहाद्दर:
परवा चुलत्यांनी माळ्यावरची ट्रंक उघडली. आत पणजोबांच्या वेळचे कागद, सगळे मोडीत. घरात बारा माणसं शिकलेली, दोघे इंजिनियर, पण एकालाही ओळ लागेना. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी रेघ ओढलेली, मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळत सोडलेली. शब्द कुठे संपला तेही कळत नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढला.

माझं म्हणणं सरळ आहे. पेशव्यांचं अख्खं दफ्तर जिच्यात आहे ती लिपी शिशाच्या खिळ्यात मावली नाही, म्हणून मेली. खिळा म्हणजे सुटं अक्षर, आणि मोडीचा जीवच जोडण्यात. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, ठोकळ्यात बसली, म्हणून जगली. वेगळं वाटत असेल तर या.

शिळाप्रेमी:
मावली नाही हे कुणी सांगितलं? श्रीरामपूरला (नगरचं नव्हे, बंगालमधलं) विल्यम केरी या मिशनऱ्याने १८१० साली मराठी कोश छापला. त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनीच जुळवलेत.

आणि खिळे सोडा, शिळाछापाचं काय? गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते दगडावर. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि दगड ओला करायचा. कोऱ्या जागेवर पाणी बसतं, अक्षरांवर शाई. दगडाला लिपीशी काय देणंघेणं? मोडी उतरवा नाहीतर हत्तीचं चित्र. तरी पंचांग निघालं बाळबोधीतच. (शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवेनात, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातलं म्हणतात. गिऱ्हाईक कोण होतं ते यावरून कळतं.)

उर्दूवाल्यांकडे बघा. नस्तालीक, म्हणजे उर्दूचं जोडून लिहायचं वळण, खिळ्यात नीट बसेना, तर त्यांनी नस्तालीक सोडली नाही, खिळे सोडले. १९८०च्या आसपासपर्यंत रोजचा पेपर कातिब, म्हणजे लेखनिक, हाताने लिहीत. त्यांना लिपी हवी होती. आपल्याला नको होती, एवढंच.

खिळेजुळारी:
मी १९ वर्षं हाताने कंपोझ केलंय, म्हणून बोलतो. कोश एकदा छापणं वेगळं आणि रोज आठ पानं काढणं वेगळं. बाळबोधीनेच आमचे डोळे फोडले होते. रोमनवाला एका केसवर, म्हणजे खिळ्यांच्या एका खणपेटीवर, भागवतो. आमच्याकडे शेकड्यांनी घरं. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, रफारावर अनुस्वार. वेलांटीचा बाहेर आलेला कान मशीनवर दाबाने तुटायचा आणि छापून यायचं 'पाणा'. प्रूफ आलं की मालक ओरडायचा, जशी वेलांटी मीच खाल्ली.

आता मोडी घ्या. तिथे काना किंवा उकार जोडताना कित्येकदा अक्षराचाच घाट बदलतो. म्हणजे प्रत्येकाला वेगळा खिळा, वेगळं घर. शिवाय शेजारच्या अक्षराला भिडायला पाहिजे. मध्ये केसभर फट राहिली की मोडी दिसतच नाही. जावजी दादाजींकडे राणोजी रावजी आरूंसारखा ठसे कोरणारा होता. अशा हाताने मोडी कोरली असती तर बहार आली असती. पण १८६९ला त्यांचा निर्णयसागर छापखाना निघाला तेव्हा गिऱ्हाईक मागत होतं काय? पोथ्या, संस्कृत ग्रंथ, पंचांगं. धागाकर्त्याचं निम्मं खरं आहे. मोडी अशक्य नव्हती, महाग होती.

फोर्टातली:
तुम्ही सगळे पुण्याकडे तोंड करून बसलात. मुंबईतच बघा ना. गुजरातीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथेही पोथ्या देवनागरी वळणाच्या आणि वही-खाती, चिठ्ठ्या वाण्यांच्या अक्षरात. फर्दुनजी मर्झबानांनी १८१२ला छापखाना काढला, १८२२ला मुंबई समाचार सुरू केला. छापलं कशात? त्याच व्यापारी वळणात, डोक्यावरची रेघ नसलेल्या. आज तीच गुजराती लिपी. म्हणजे तिथे हिशेबाची लिपी छापखान्यानेच मोठी केली.

कारण छापणारे पारशी, वाचणारे व्यापारी. आपल्याकडे सुरुवातीला छापणारे मिशनरी, सल्लागार शास्त्रीपंडित. त्या दोघांना मोडी म्हणजे कारकुनाचं अक्षर. देवाचं पुस्तक कोण कारकुनी अक्षरात काढतं?

बोरूबहाद्दर:
गुजरातीचा दाखला जोरदार आहे, पण गुजराती अक्षरं सुटी उभी राहतात हो! मोडी राहत नाही. खिळेजुळारींनी तेच सांगितलं. दोन्ही एका तागडीत कशी घालता?

फोर्टातली:
म्हणून तर शिळाप्रेमींनी दगड पुढे केला. त्याला उत्तर द्या.

दफ्तरी:
भांडण चुकीच्या तारखेवरून चाललंय. केरीचा कोश १८१०चा, दर्पण हे पहिलं मराठी वर्तमानपत्र १८३२चं. आमच्याकडे जमिनीचे मोडी कागद येतात ते विसाव्या शतकातलेही. म्हणजे शेजारी छापखाना धडधडत असताना मोडी शंभर वर्षं ठणठणीत होती. शाळेत मोडी वाचनाची पुस्तकं होती, तीही शिळाछापावरची. कचेरीतलं लिखाण बाळबोधीत गेलं, मग शाळेतून मोडी गेली, तेव्हा ती संपली. छापखान्याने तिला पुस्तकात घेतलं नाही हे खरं. पण पुस्तकात ती आधीही फारशी नव्हती. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या कोणत्या अक्षरात उतरवत ते आठवा, बाळबोधीतच ना?

एक गोष्ट मात्र धागाकर्त्याच्या बाजूची. पोरगं दिवसभर छापील बाळबोध वाचायला लागलं की हाताला तेच वळण पडतं. पुढे कचेरीत मोडी लिहिणारा मिळतोच कसा?

बोरूबहाद्दर:
हे पटलं, 'मेली' हा शब्द मागे घेतो. 'पुस्तकाबाहेर ठेवली' म्हणतो. पण दगडाच्या मुद्द्यावर अजून माघार नाही. दगडाचा छापखाना टाकणाऱ्यालाही माल खपवायचाच होता.

दरम्यान एक कागद वाचून आणला. बैलाच्या पैशांची पावती निघाली. इस्टेट निघेल म्हणून चुलते दोन दिवस झोपले नव्हते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसल्याने गावाच्या नावावर वाचणारा अडला, ते आजीने सांगितलं. मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा, पक्का मोडी. खाली पणजोबांची सही मात्र बाळबोधीत, एकेक अक्षर सुटं, छापल्यासारखं.

खिळेजुळारी:
फोटो टाका. सहीतला र कसा काढलाय बघू.