उजवी ओव्हरी काढली, आज बारावा दिवस. पाळी महिन्याआड येणार का?

कापूसकोंडी:
नमस्कार. वय ३४. उजव्या ओव्हरीवर डरमॉइडची, म्हणजे आत केस-चरबी असलेली, गाठ होती, आठ सेंटिमीटरची. काढू सावकाश, असं चाललं होतं, तेवढ्यात तिला पीळ पडला. रात्री दोन वाजता ओटीपोटात कुणीतरी ओलं फडकं पिळतंय असं दुखायला लागलं, वर उलट्या. सकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पीळ सोडवला तरी ओव्हरीचा रंग परत येईना, म्हणून नळीसकट काढली.

पोटावर तीन छेद, त्यातला एक बेंबीत. पण पहिले तीन दिवस पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकला! पोट फुगवायला भरलेला गॅस थोडा आत राहतो, त्याने श्वासपटल चिडतं आणि कळ खांद्यात जाणवते, असं नर्सने सांगितलं म्हणून बरं.

आता जखमा कोरड्या आहेत, ताप नाही. तरी आंघोळ करून आले की अर्धा तास आडवं व्हावं लागतं. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "एकच तर गेली, दुसरी आहे ना!" जणू चपलेचा अंगठा तुटला. तर मला विचारायचंय ते इतकंच, की पाळी आता महिन्याआड येणार का? आणि हा थकवा जातो कधी?

उशीवाली:
महिन्याआडचा प्रश्न मीही विचारला होता. डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. दोघी पाळीपाळीने बीज सोडतात असं आपल्या डोक्यात असतं, पण तसं वेळापत्रक नसतं. मेंदूकडून येणारे हार्मोन्सचे निरोप आता एकटीलाच मिळतात, आणि ती बहुतेक दर महिन्याला बीज सोडते. माझी पहिली पाळी मात्र ४३व्या दिवशी आली. तोवर प्रेग्नन्सी टेस्टच्या दोन पट्ट्या वाया घालवल्या होत्या. दुसरी २६व्या दिवशी. चौथीपासून गाडी रुळावर.

थकव्याचं म्हणशील तर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे सांगतात, पोट उघडून केलं तर सहाच्या आसपास. माझं मत विचारशील तर हे आकडे 'कामावर जाता येईल' याचे आहेत, 'पूर्वीसारखं वाटेल' याचे नाहीत. मी पंधराव्या दिवशी ऑफिसला गेले आणि सोळाव्या दिवशी परत रजा टाकली. बाहेरचे छेद बोटभर दिसतात, आतलं काम कुणाला दिसत नाही. तुझं तर रात्रीत ठरलं, मनाची तयारी करायलाही वेळ मिळाला नाही.

खोकला-शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धर. उठताना आधी कुशीवर वळ, मग हाताच्या रेट्याने उठ. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा कुंथत बसू नकोस, डॉक्टरांकडून औषध माग. मला टाक्यांपेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला, आणि त्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आणि हो, दीड वर्षाने मला दिवस राहिले. काहीही उपचार न घेता, एकाच ओव्हरीवर.

रात्रपाळी:
मी वॉर्डात काम करते. हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट स्वतः मागून घ्या. डरमॉइड बहुतेक वेळा साधीच, कॅन्सर नसलेली निघते, पण कागद हातात हवा. साधारण दहातल्या एकीला ती दोन्ही बाजूंना असते, म्हणून सोनोग्राफी कधी करायची तेही विचारा. ताप, वास येणारा स्राव, वाढत जाणारी पोटदुखी किंवा एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही दिसलं तर इथे लिहीत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

घामाघूम:
धागा एका ओव्हरीचा आहे, तरी लिहिते. माझ्या दोन्ही काढल्या, वय ४१. पाळी हळूहळू जाण्याचा प्रश्नच नव्हता, त्याच आठवड्यात मध्यरात्री घामाने उशी ओली. आमच्यासारख्यांना "दुसरी आहे ना"सुद्धा कुणी म्हणत नाही! हाडं आणि हृदय सांभाळायला पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोन्स घ्यायला सांगितलेत. ते सगळ्यांना चालत नाहीत, स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना तर सहसा देतच नाहीत. पण दोन्ही निघणार असतील तर हे बोलणं ऑपरेशनच्या आधी करा. मी नंतर केलं.

जुनीपुराणी:
जरा अवांतर. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकीत एफ्राइम मॅकडॉवेल या डॉक्टरने जेन क्रॉफर्ड नावाच्या बाईची ओव्हरीची गाठ काढली, सुमारे दहा किलोची. भूल तेव्हा नव्हतीच. बाई साठेक मैल घोड्यावरून आल्या होत्या. पाचव्या दिवशी डॉक्टर बघतात तर स्वतःचं अंथरूण आवरतायत! पुढे आणखी ३२ वर्षं जगल्या.

कापूसकोंडी:
जुनीपुराणी, ही गोष्ट कृपा करून आमच्या घरात कुणाला सांगू नका. मी बाराव्या दिवशीही अंथरूण आवरत नव्हते.

कापूसकोंडी:
आज ३७वा दिवस. रिपोर्ट साधा आला. आंघोळीनंतर आता आडवं व्हावं लागत नाही, संध्याकाळी मात्र अजून गळून जाते. आणि आज पहाटे पाळी आली. पोटात कळ आली तेव्हा आधी घाबरलेच, पुन्हा पीळ की काय म्हणून. मग कळलं, आणि नवऱ्याला उठवून सांगितलं. तो झोपेतच म्हणाला, "अभिनंदन."

@उशीवाली, टेस्टची पट्टी मीही एक वाया घालवली.