मदत हवी आहे: डॉक्सोरुबिसिनसाठी पोर्ट बसवावा का?

आईला स्तनाच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन सुरू होतंय, तेच ते केमोचं लाल औषध. आधी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, कारण याचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होतो आणि आयुष्यभरात मिळून किती द्यायचं याला मर्यादा असते, साधारण ४५० ते ५५० मिग्रॅ प्रति चौरस मीटर. लघवी एक-दोन दिवस लालसर होते हेही सांगितलंय. बरं झालं, नाहीतर रक्तच समजलो असतो.

खरी काळजी शिरेची. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि आतलं मांस जळतं. आईच्या शिरा इतक्या बारीक की साध्या रक्ततपासणीलाही दोन-तीनदा टोचावं लागतं. सिस्टर म्हणाल्या, आधी सलाईन सोडून शीर नीट चालते का बघू. आग व्हायला लागली की लगेच सांगा, पण सुई स्वतः काढू नका, आम्ही तिच्यातूनच आधी औषध ओढून घेतो. डॉक्टरांचा कल पोर्टकडे आहे, म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवायची छोटी डबी, जिच्यातून औषध थेट मोठ्या शिरेत जातं; आई मात्र छातीत काही बसवून घ्यायला तयार नाही.

ज्यांच्या घरी पोर्ट किंवा पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेपर्यंत घातलेली बारीक नळी) बसवली त्यांनी कृपया सांगा: कुशीवर झोपताना खुपतं का? फ्लशिंगसाठी (नळी तुंबू नये म्हणून धुऊन घ्यायला) किती दिवसांनी जावं लागतं? आणि हाताच्या शिरेतूनच केमोच्या सगळ्या सायकल (फेऱ्या) पार पडल्या असं कुणी आहे का?