अस्वल मरत नाही
मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात ग्रिझली बेअर्सवर (2/2 अस्वल, म्हणजे ताकद 2 आणि सहनशक्ती 2) लाइटनिंग बोल्ट (3 डॅमेज करणारा मंत्र) आला, उत्तरादाखल जायंट ग्रोथ (टर्नपुरतं +3/+3 देणारा मंत्र) टाकून ते वाचवलं, तरी टर्न संपताना +3/+3 उतरून ते मरेलच, असा एक दावा आहे. नाही मरत. क्लीनअप स्टेपमध्ये, म्हणजे टर्नच्या शेवटच्या टप्प्यात, डॅमेज पुसलं जाणं आणि ग्रोथचा परिणाम संपणं एकाच क्षणी होतं; 2/2 अस्वलावर 3 डॅमेज अशी अवस्था मधे येतच नाही. (मॅजिकमधला माझा आवडता नियम!)

खरा धोका उलट क्रमात आहे. तुम्ही आधी ग्रोथ टाकलंत आणि समोरच्याने उत्तरादाखल अस्वलावर बोल्ट मारला, तर स्टॅकवर (टाकलेले मंत्र लागू होण्याआधी एकावर एक रचले जातात ती चळत) नंतर आलेला बोल्ट आधी रिझॉल्व्ह होतो, म्हणजे लागू होतो. अस्वल खलास, टार्गेट न उरल्याने ग्रोथही वाया. म्हणून बोल्ट येईपर्यंत ग्रोथ हातात दाबून ठेवा. आणि 1999 पूर्वीच्या चर्चांवर विसंबू नका, तेव्हा स्टॅकच नव्हता.