प्रतिसाद: ताई, तुमची बुद्धी कुठं गेलेली नाही

ताई, सत्संग सोडून वर्ष झालं तरी मुलीला सायन्स का कॉमर्स हे ठरवताना पण "गुरुजी काय म्हणले असते" हेच डोक्यात येतं असं लिहिलंय तुम्ही, तर ते येणारच की, इतकी वर्षं सगळं विचारूनच करायची सवय लागलेली असते. माझ्या नणंदेचं तेच, सोलापुरात नवी पेठेत साधी साडी घ्यायला गेली तरी चार दुकानं फिरून हात हलवत परत यायची.

सत्संगात शंका काढली की "तुमची साधना कमी पडतेय" हे एकच उत्तर मिळायचं तिला. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६१ मध्येच मांडलंय की माणसाच्या मनावर ताबा ठेवणारे गट ठरावीक वाक्यं वापरून विचार तिथल्या तिथं थांबवतात. आणि बाहेर पडायचा निर्णय कुणाला विचारून घेतला तुम्ही? तो तुमचाच ना!

नणंदेला वहीचा फार उपयोग झाला, काय ठरवलं आणि का ठरवलं ते लिहायचं, महिन्याभरानं परत वाचायचं, बस. सिद्धेश्वराला ती अजून जाते, गड्ड्याच्या यात्रेलाही जाते, देव सोडायची सक्ती कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त लगेच दुसरा गट धरू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. "सोडलं तर घरावर संकट येईल" या भीतीनं झोप उडाली असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. ॲडमिशनचं मात्र आधी मुलीलाच जवळ बसवून विचारा.