शब्दचर्चा : ‘बुद्धिस्ट मिनिस्टर’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

हवाई आणि कॅलिफोर्नियातल्या जपानी बौद्धांवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात पानोपानी ‘बुद्धिस्ट मिनिस्टर’, म्हणजे मंदिराचा धर्मसेवक, येतो. यंत्राने ‘बौद्ध मंत्री’ करून ठेवलंय, जणू गडी शपथविधीलाच निघालाय. ‘भिक्खू’ लिहावं तर त्याला बायको-मुलं आहेत, पगार आहे, बदलीसुद्धा होते. पुरोहित, धर्मगुरू, धम्मदूत, बौद्धाचार्य... काय बसेल?

प्रतिसाद

भिक्खू नकोच. लेख बहुधा जोदो शिनशू या जपानी बौद्ध पंथाबद्दल असणार. तिकडची बरीच जुनी मंदिरं त्याच पंथाची आहेत. या पंथाचे संस्थापक शिनरान (1173–1263) यांनी उघडपणे लग्न केलं आणि स्वतःला ‘ना भिक्षू, ना गृहस्थ’ म्हटलं. विनयाचे (भिक्खूंच्या आचाराचे) नियम, चीवर, भिक्षापात्र यातलं काही इथे नाही. एरवी मिनिस्टर शर्ट-पँटवर गळ्यात वागेसा नावाची कापडी पट्टी घालतो, विधीच्या वेळी काळा झगा.

प्रतिसाद

मग ‘धम्मदूत’ घ्या की. परदेशी पाठवलेल्या मिनिस्टरला जपानीत ‘काइक्योशी’ म्हणतात. काइ म्हणजे उघडणं, क्यो म्हणजे शिकवण, शि म्हणजे दूत. 1899 मध्ये सोनोदा आणि निशिजिमा हे दोघे क्योतोच्या निशी होंगवांजी या पंथाच्या मुख्य मंदिराकडून सान फ्रान्सिस्कोला गेले, ते याच कामासाठी.

प्रतिसाद

त्या दोघांना शोभेल. पण धम्मदूत म्हटलं की गावोगाव फिरून धम्म सांगणारा डोळ्यांपुढे येतो. हे लोक नव्या माणसांना बौद्ध करायला गेले नव्हते. उसाच्या मळ्यांवर आणि शेतांवर राबणारे जपानी मजूर आधीच तिथे होते. त्यांचं मरण, लग्न, श्राद्ध बघायला कुणीतरी हवं होतं. आजही मिनिस्टरचा आठवडा बराचसा त्यातच जातो: अंत्यविधी, एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी, रविवारचं प्रवचन, मुलांची धम्मशाळा, आजाऱ्यांच्या भेटी, मंदिराच्या कार्यकारिणीच्या बैठका आणि उन्हाळ्यात ओबोनचा, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाचा, नाच. शेवटच्या दोन गोष्टींत जास्त घाम कशात निघतो हे सांगणं कठीण.

प्रतिसाद

कामावरून बघितलं तर आपला बौद्धाचार्यच की हो! पांढऱ्या कपड्यातला संसारी माणूस, लग्न लावतो, नामकरण करतो, अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील देतो. भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरं दहा दिवसांची असतात, त्यात मुंडन करून चीवर घालतात आणि शिबिर संपल्यावर माणूस घरी येतो. जोदो शिनशूचा ‘तोकुदो’ हा धर्मसेवक होण्याचा विधी ऐकला तर ओळखीचा वाटेल: क्योतोत थोड्या दिवसांचं निवासी प्रशिक्षण, पुरुषांचं मुंडन, पाठांतर, आणि शेवटी मिळणारं धर्मनाव ‘शाकु’ने सुरू होतं. हा शाकु म्हणजे आपला ‘शाक्य’.

प्रतिसाद

साम्य झकास आहे, पण ‘बौद्धाचार्य’ सरसकट लिहू नका. आमच्याकडचे बौद्धाचार्य दिवसा एसटीत नाहीतर बँकेत असतात आणि रविवारी समाजासाठी उभे राहतात. तिकडचा मिनिस्टर पूर्णवेळ, पगारी आणि नेमलेला. शिवाय तोकुदो ही सुरुवात झाली. त्यानंतर ‘क्योशी’ ही शिकवण्याची पात्रता, अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी बहुधा बर्कलीच्या इन्स्टिट्यूट ऑफ बुद्धिस्ट स्टडीजमधलं पदव्युत्तर शिक्षण, आणि मग काइक्योशी म्हणून नेमणूक. इंग्रजी लेखक या सगळ्याला ‘मिनिस्टर झाला’ एवढ्यात उरकतो. मराठीत तीन टप्पे वेगळे ठेवा: तोकुदो झाला, पात्रता मिळाली, नेमणूक झाली. आणि तोकुदोसाठी नुसतं ‘दीक्षा घेतली’ तर मुळीच लिहू नका. 1956 च्या नागपूरनंतर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘बौद्ध झाला’ असाच होतो. हा माणूस तर चार पिढ्यांचा बौद्ध. ‘उपसंपदा’ही चूक, ती भिक्खूची.

मूळ प्रश्नकर्ता

हे पटलं. पहिल्यांदा येईल तिथे ‘मंदिराचा नेमलेला बौद्ध मिनिस्टर’, पुढे नुसतं ‘मिनिस्टर’. संवादात लोक त्याला ‘सेन्सेई’ (गुरुजी) म्हणतात, ते तसंच ठेवतो. पण लेखातल्या ‘चर्च’ आणि ‘बिशप’चं काय करू? बौद्धांचा बिशप वाचून संपादक फोन करणार.

प्रतिसाद

करू द्या. त्या शब्दांना इतिहास आहे, पुसू नका. या पंथाच्या अमेरिकेतल्या संस्थेचं आधीचं नाव बुद्धिस्ट मिशन ऑफ नॉर्थ अमेरिका. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि एफबीआयने जपानी धर्मसेवकांना पकडायला सुरुवात केली. पुढे पश्चिम किनाऱ्यावरची जपानी कुटुंबं छावण्यांत कोंडली गेली. युटामधल्या टोपाझ छावणीत 1944 मध्ये ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ हे नाव घेतलं गेलं. आम्हीही अमेरिकनच, हे दाखवायची ती निकड होती. तिथे ‘विहार’ घातलंत तर ही सगळी भानगडच वाचकाच्या हातून निसटते. बिशप हा जपानीतला ‘सोचो’, म्हणजे संस्थेचा प्रमुख. एकदा कंसात सोचो द्या आणि पुढे बिशप.

प्रतिसाद

बाईंसाठी काय? मिनिस्टर स्त्रियाही असतात. अमेरिकी सैन्यदलात 2004 मध्ये नेमलेली पहिली बौद्ध चॅपलिन (सैनिकांसाठीची धर्मसेवक) बाईच होती, आणि तीही याच पंथाची.

मूळ प्रश्नकर्ता

‘त्या मिनिस्टर होत्या’. क्रियापद सांभाळून घेतं. ‘मिनिस्टरीण’ कुणी सुचवू नये, ती मंत्र्यांच्या बंगल्यात राहते.