घरच्या मायक्रोस्कोपखाली विषाणू दिसेल का?

कोथरूडची_आई:
लेक नववीत आहे. मामाने तिला त्याचा कॉलेजातला मायक्रोस्कोप दिलाय. १०, ४० आणि १०० पटीची भिंगं आहेत. कांद्याची साल झाली, गालाच्या पेशी झाल्या, आता कोरोनाचा विषाणू बघायचाय म्हणते. २० पटीचा आयपीस (डोळा लावतो ते वरचं भिंग) आणला तर दिसेल का? की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो?

जुना_टेक्निशियन:
ताई, आयपीसवर पैसे घालवू नका. १०० च्या भिंगाला तेलाचा थेंब लावून १० च्या आयपीसमधून पाहिलं की १००० पट झालं. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं, मोबाईलवर फोटो ताणल्यासारखं. अडचण उजेडाचीच आहे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके त्यात एकच दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेने हे १८७३ मध्येच मांडलं होतं. कोरोनाचा विषाणू जेमतेम १०० नॅनोमीटरचा. २०२० साली आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) त्याचा फोटो घेतला, तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरच.

इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशापेक्षा हजारो पटींनी लहान असते. काचेच्या भिंगांऐवजी तिथे विद्युतचुंबक. हवेला धडकून इलेक्ट्रॉन भरकटतात, म्हणून आतली हवा काढून टाकतात. ओला, जिवंत नमुना चालत नाही.

माझं निम्मं आयुष्य नमुने कापण्यात गेलं. पेशी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात बसवायच्या, काचेच्या सुरीने कापायच्या. काप पाण्यावर तरंगतात. रुपेरी दिसले तर साधारण ७० नॅनोमीटर, म्हणजे जमले. सोनेरी दिसले तर जाड. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने ते हळूच ढकलून एकत्र आणायचे आणि ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर उचलायचे. श्वास जोरात सोडला तरी काप विखुरतात.

बीएस्सी_तिसरं_वर्ष:
हे टीईएमचं झालं, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन पातळ कापातून आरपार जातात त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं. दुसरा प्रकार एसईएम (सेम), त्यात इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरून फिरवतात. त्यात काप लागत नाही, नमुन्यावर सोन्याचा पातळ थर देतात आणि पृष्ठभाग दिसतो. मुंगीच्या डोळ्याचे फोटो त्यातलेच.

कोथरूडची_आई:
पण विषाणूचे फोटो तर लाल-हिरवे असतात?

जुना_टेक्निशियन:
रंग नंतर कॉम्प्युटरवर भरतात. मूळ चित्र काळं-पांढरं. लेकीला डबक्याचं पाणी दाखवा. १० च्या भिंगाखाली पॅरामेशियम (एकपेशीय जीव) पळताना सापडलं तर बघत राहील. इतक्या वर्षांत आमच्या यंत्रात मला एकही जीव हलताना दिसला नाही. कव्हरस्लिपखाली कापसाचे दोन-चार तंतू ठेवा, म्हणजे पॅरामेशियम फार लांब पळणार नाही.