बँकेने कर्ज दिलं म्हणजे टायटल (मालकी हक्क) क्लिअर? बडोद्यात जुनं घर घेताना वकील कोणाचा?

कारेलीबागकर
फ्लॅट पाहून झाला, टोकन दिलं, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "कागद बँकेचा वकील बघणारच आहे, दुसऱ्याला फी कशाला?" माझं मत अगदी उलट आहे. पुनर्विक्रीच्या घराला स्वतःचा वकील हवाच, आणि तोही बानाखतावर (विक्रीच्या करारावर) सही करण्याआधी.

बँकेच्या वकिलाचा अशील बँक आहे, तुम्ही नाही. त्याचा अहवाल बँकेच्या नावाने असतो आणि पुष्कळदा त्याची प्रतही तुमच्या हाती येत नाही. दुसरं म्हणजे तो उशिरा येतो. तुम्ही टोकन देऊन अटी मान्य केल्यावर फाइल त्याच्या टेबलावर जाते. त्याने नकार दिला आणि बानाखतात "कर्ज नामंजूर झाल्यास बयाणा इतक्या दिवसांत परत" असं कलम नसेल, तर रक्कम अडकते.

तिसरं कारण वारसांचं. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी इकडची जुनी घरं आजोबांच्या नावावरून वारसाईने खाली आलेली असतात. प्रॉपर्टी कार्डावर फक्त मुलगे चढलेले, मुलींची नावंच नाहीत, असं सर्रास दिसतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. तिची नोंदणीकृत हक्ककमी (हक्कसोडपत्र) नसेल तर तिचा हिस्सा उभाच आहे. उद्या तिने दावा लावला तरी तुमचा हप्ता चुकत नाही. बँकेचे पैसे येत राहतात, खड्ड्यात जाते ती तुमची पुंजी.

कर्जविभाग_निवृत्त
सरसकट मान्य नाही. बँक मूर्ख नसते. टायटल बिघडलं तर तिचं तारणच बुडतं, म्हणून ती सहसा पॅनलवरचा अनुभवी वकील नेमते. रेरात (घरबांधणी प्रकल्पांच्या नियमन कायद्याखाली) नोंदलेल्या नव्या प्रकल्पात तर जुन्या दस्तांचा तीस वर्षांचा वेगळा शोध म्हणजे पैसे पाण्यात. बिनशेती हुकूम, टीपी (नगररचना) योजनेतला फायनल प्लॉट, विकास परवानगी हे सगळं बँकेने अख्ख्या प्रकल्पासाठी एकदाच तपासलेलं असतं. शिवाय रेराच्या कलम १८(२) प्रमाणे जमिनीचं टायटल सदोष निघालं तर भरपाई बिल्डरने द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही.

नव्या फ्लॅटमध्ये माणूस फसतो तो करारनाम्यात. १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करार होण्याआधी मागता येत नाही, तरी लोक देऊन बसतात. कार्पेट एरिया, ताब्याची तारीख, बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) कोणत्या टॉवरला मिळाली आहे, तिथे वेळ घाला.

कारेलीबागकर
काका, नव्या प्रकल्पाबद्दल निम्मं मान्य. पण बिल्डरने बांधकामासाठी जमीन गहाण टाकलेली असते. त्या बँकेचं ना-हरकत पत्र *तुमच्या* फ्लॅट नंबरचं हवं. प्रकल्पाच्या नावाने दिलेल्या मोघम पत्रावर लोक समाधान मानतात, तसं मानू नका. हे तुमच्याच वकिलाने मागून घ्यायचं.

दस्त_आणि_दाखले
मूळ प्रश्न पुनर्विक्रीचा आहे, म्हणून तिथेच राहतो.

शोध किती वर्षांचा? काही ठिकाणी १३ वर्षांवर भागवतात. त्यामागचा हिशोब असा की ताब्याच्या दाव्याची मुदत १२ वर्षं, त्यात एक जोडायचं. पण गहाण सोडवून घ्यायच्या दाव्याची मुदत ३० वर्षं आहे, म्हणून शोधही तीस वर्षांचाच करून घ्या.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सब-रजिस्ट्रारकडे इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्तांची सूची) कोरी निघाली म्हणजे बोजा नाही असं नव्हे. मूळ दस्तावेज बँकेत ठेवून कर्ज घेतलं की कायद्याने तेही गहाणच, आणि त्याचा लेख नोंदवलेला नसेल तर इंडेक्सला ते दिसत नाही. म्हणून विक्रेत्याकडून मूळ दस्तावेज हातात घेऊन पाहा. रंगीत झेरॉक्स आणि अस्सल कागद यांतला फरक शिक्क्याच्या शाईवर, अंगठ्याच्या ठशावर बोट फिरवून कळतो. पान उलटून मागचे शिक्के बघा. "मूळ हरवलंय, सर्टिफाइड कॉपी आहे" असं उत्तर आलं की तिथेच थांबा. पोलिसांतली नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि सेरसाईच्या संकेतस्थळावर शोध, ही तिन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेरसाईवर बँकांनी घेतलेल्या तारणाची नोंद असते आणि मामुली फी भरून ती कोणालाही पाहता येते.

कोर्टातला चालू दावाही इंडेक्समध्ये मिळेलच असं नाही. ई-कोर्ट्सवर विक्रेत्याच्या नावाने, नावाची स्पेलिंगं बदलून बदलून शोधा.

मांजलपूर_नवीन
माझा प्रश्न. ६० लाखांचा फ्लॅट, विक्रेत्याचं २२ लाख कर्ज बाकी आहे. तो म्हणतो, "तुमच्या पैशातून आधी माझं कर्ज फेडा, कागद सुटले की विक्रीचा दस्तावेज करू." हे सुरक्षित आहे का?

दस्त_आणि_दाखले
नाही. मधल्या काळात पैसे तुमचे गेलेले आणि घर त्याच्या नावावर. नुसत्या बानाखताने मिळकतीत मालकी येत नाही. तुमच्या बँकेकडून थेट त्याच्या बँकेच्या नावाने डीडी काढा. आधी फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं बँकेचं पत्र) आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी मागवा. त्या यादीत आधीच्या मालकांचे दस्तावेज आहेत का ते ताडून बघा.

कर्जविभाग_निवृत्त
कागदावर छान दिसतं. कागद दुसऱ्या बँकेच्या कपाटात असताना सगळ्या शाखा डीडी सोडायला तयार होत नाहीत. दोन्ही बँकांची मोट बांधता बांधता फोरक्लोजर लेटरची तारीख उलटते, व्याज चढतं, पुन्हा पहिल्यापासून.

माझा सल्ला असा: तुमच्या स्वतःच्या हिश्श्यातून रक्कम द्या, पण बानाखत नोंदवून घ्या, आणि पैसे विक्रेत्याच्या हातात न देता कर्जखात्यावर भरा. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेला बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

कारेलीबागकर
पण ती भरपाई विक्रेत्याला मिळते, खरेदीदाराला नाही! आणि कागद त्याच्या हातात पडल्यावर तो भाव वाढवून बसला तर? काकांच्या वाटेने जायचंच असेल, तर कागद घ्यायला दोघांनी एकत्र शाखेत जायचं, असं बानाखतात लिहा.

आणि आकडे आधी मांडा. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. म्हणजे जास्तीत जास्त ४८ लाख, १२ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क ४.९ टक्के म्हणजे २,९४,०००, नोंदणी फी १ टक्का म्हणजे ६०,०००. हे दोन्ही खर्च बँक किमतीत धरत नाही. म्हणजे खिशात १५ लाख ५४ हजार हवेत, वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. १२ लाखांत विक्रेत्याचं २२ लाखांचं कर्ज फिटणारच नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत डीडीचाच मार्ग उरतो.

अलकापुरी_ताई
दादा, नोंदणी फी वाचते की. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर गुजरातेत ती माफ आहे. पत्नीच्या एकटीच्या नावाने दस्तावेज करा.

कर्जविभाग_निवृत्त
ताई, ६०,००० वाचवताना पुढचं बघा. नवरा सहकर्जदार राहू शकतो, पण मालकीत नाव नसेल तर हप्ते भरूनही त्याला आयकरात व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या कर प्रणालीत राहणाऱ्याचं नुकसान दोन-तीन वर्षांतच वाचलेल्या रकमेच्या वर जाऊ शकतं. नव्या प्रणालीत स्वतः राहायच्या घरावर ती वजावट नाहीच, तिथे ताईंचं बरोबर.

दस्त_आणि_दाखले
मांजलपूरवाल्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. किंमत ५० लाख वा त्याहून जास्त आहे, म्हणजे १ टक्का टीडीएस तुम्हीच कापायचा, बयाण्याच्या रकमेवरही. बँकेला हे आधी सांगा, नाहीतर डीडी पूर्ण रकमेचे निघतात आणि कर तुमच्या अंगावर पडतो. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला आहे का तेही पाहा. पॅन निष्क्रिय असेल तर १ च्या जागी २० टक्के कापावे लागतात.

आणि शहरातल्या जुन्या भागात घर बघणाऱ्यांनी तो भाग अशांत धाऱ्याखाली (अशांत जाहीर केलेल्या भागांतल्या मिळकतींच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याखाली) येतो का हे सर्वांत आधी विचारावं. येत असेल तर विकणारा-घेणारा कोणीही असो, कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते आणि तिच्याशिवाय झालेली विक्री रद्दबातल. बडोद्यातले बरेच भाग त्यात आहेत आणि यादीत भर पडत असते, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर जाऊ नका. परवानगीला लागणारा वेळ धरूनच बानाखताची मुदत घाला.

मांजलपूर_नवीन
डीडीचं ठरलं. आज फोरक्लोजर लेटर आणि कागदांची यादी मागतो. वकिलाला बानाखताचा मसुदा उद्या दाखवतो, तोवर बयाणा थांबवला आहे.